साडेतीन टनांत कोण कोण?

हाय गिल फार्म, ईडन खोरं
६ मार्च २०११

प्रिय थेल्मा,

तुझ्या नाताळच्या पत्राचं उत्तर मार्चमध्ये लिहितेय. फोन केला असता, पण तुझ्या मते फोन फक्त जनावरांच्या डॉक्टरला करायचा असतो आणि मी अजून त्या थराला आलेले नाही. अगदी जवळ आलेय, एवढंच.

बातमी अशी की मोठा ट्रक विकतोय. क्लाइव्ह आता गाडी चालवत नाही. गुडघा. आणि मला तो ट्रक चालवायला कायदा आडवा येतो. तुला आठवत असेल, तुझा हाच भाऊ वीस वर्षं मला विचारायचा, "तुला असं कुठं जायचंय, जिथं मी जात नाही?" तेव्हा मला हा प्रश्न प्रेमाचा वाटायचा. शेवटी चाळिशी उलटल्यावर शिकले आणि अठ्ठ्याण्णवला पास झाले. सरकारने दार लावलं होतं सत्त्याण्णवच्या एक जानेवारीला. त्याआधी पास झालेला कुणीही, मग त्याला मोतीबिंदू असो की वेडाचे झटके, साडेसात टनांचा ट्रक हाकू शकतो. माझ्यासारखीला साडेतीन. गाडीमागे ट्रेलर लावून दोन घोडे न्यायचे, तर त्याचीही वेगळी परीक्षा. म्हणजे थेल्मा, तुला समोरचा खांब दिसत नाही, तरी तू माझ्या दोन्ही घोड्यांना स्कॉटलंडपर्यंत नेऊ शकतेस. मला दिसतो, म्हणून मी घरी.

तेव्हा छोटा ट्रक बघायचाय. घोडे, खोगिरं, पाणी, डिझेल, माणसं सगळं धरून साडेतीन टनांच्या आत बसेल असा. त्यात क्वीनी आणि ब्रॅकन दोघंही मावले पाहिजेत. एकाला ठेवून एकाला नेणं होत नाही. मागे क्वीनीला एकटी ठेवून गेले, तर ती एवढी धिप्पाड घोडी कुंपण मोडून शेजाऱ्याच्या सलगमात गेली आणि तिथे उभी राहून ब्रॅकनच्या, माझ्या काळ्या तट्टाच्या, नावाने रडत होती.

रविवारी त्या दोघांना घेऊन समुद्रकाठी जाणं, वाळूवर तासभर रपेट करणं, एवढी एकच गोष्ट माझ्या आठवड्यात माझी आहे. ती गेली तर सोमवारपासून शनिवारपर्यंत मी काय करेन, ते मलाच सांगता येत नाही. तू आयुष्यभर घोडे पाळलेस. काय बघून घेऊ ते लिही.

तुझी
रोडा


नॉर्थ वॉल्शम, नॉरफक
१४ मार्च

रोडा,

पत्र मिळालं. मोतीबिंदूवरचं वाक्य दोनदा वाचलं. एकदा चष्मा लावून.

आधी एक स्पष्ट बोलते. क्वीनी ही बाबांच्या घोडीच्या वंशातली शेवटची. छोटा ट्रक घ्यायचा, मग "अगं बाई, ही मावतच नाही की" म्हणून गळा काढायचा आणि घोडी बाजारात उभी करायची, हा बेत असेल तर तो मला इथून दिसतोय. खांब दिसला नाही, तरी तेवढं मला दिसतं.

गुडघ्याचं कौतुक कुणाला सांगतेस? क्लाइव्हने मोडलेल्या तीन बरगड्यांनिशी गवत भरलेलं मी पाहिलंय. आणि तुझं वय चोपन्न. मोठ्या ट्रकची परीक्षा दे! कार्लाइलला शिकवतात. आठवडाभराचं काम. जमत नाही म्हणणाऱ्या बायकांना खरं तर जायचंच नसतं.

तरी विचारलंयस म्हणून लिहिते. घोड्यांचा ट्रक घेताना आपले लोक एकच चूक करतात. आपल्याकडे घोड्याची उंची मुठींनी मोजतात आणि कायदा मोजतो किलोंनी. "माझी सोळा मुठींची" असं सगळे छाती काढून सांगतात. वजन विचारलं, तर बायकोचं वजन विचारल्यासारखे बघतात. तू वजनच विचार. ट्रक रिकामा किती भरतो, तेही विचार, आणि विकणाऱ्याच्या तोंडावर नाही, काट्यावर विश्वास ठेव. रबराची चटई उचलून खालची जमीन बघ. वरून गालिचा आणि खाली कुजकं लाकूड, असं असतं. लग्नांत असतं तसंच.

थेल्मा


हाय गिल
३ एप्रिल

प्रिय थेल्मा,

लग्नांबद्दलचं वाक्य क्लाइव्हला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "थेल विधवा आहे ना, तिला वेळ असतो."

परीक्षेला जमणार नाही. का, ते विचारू नकोस. नाही म्हणजे नाही.

तीन ट्रक बघितले. पहिला माणूस केंडलजवळचा, तोंडात सतत पुदिन्याची गोळी. "दोन सहज जातात, बाई. दोन काय, दोन आणि वर सासू!" मी विचारलं, रिकाम्याचं वजन किती? तो म्हणाला, "कोण बघतंय?" मी म्हटलं, पोलीस. तो म्हणाला, "रविवारी नाही बघत." हा माणूस घोडे विकत नाही, हीच घोड्यांची पुण्याई.

दुसरा म्हणजे फिरतं घर. आत सिंक, कपाटं, गुलाबी पडदे, बिछाना, आणि मागे उरलेल्या जागेत घोडा. मालकीणबाई म्हणाल्या, "रात्री मुक्काम करता येतो." सगळं वजन या खोगीरभरतीनेच खाल्लेलं. कायद्यात राहायचं तर त्यातून एक बकरी न्यावी आणि रात्री तिच्यासाठी पडदे ओढावेत.

तिसरा हेक्सॅमचा. साधा, अ‍ॅल्युमिनियमचा, बिनपडद्यांचा. घोडे प्रवासाच्या दिशेला पाठ करून उभे राहतात, दोघांच्या मधे एक फळी, पुढे माणसांना दोन सीट. मुलीला आता मुलगा भेटला, म्हणून आई विकतेय. "मुलगे बरे, त्यांना पाऊण टन गवत लागत नाही," असं ती म्हणाली. बाई बरी वाटली. क्लाइव्ह सरळ ट्रकखाली जाऊन आडवा झाला आणि चाकूच्या टोकाने टोचून टोचून अर्धा तास बघत बसला. मग बाहेर येऊन म्हणाला, हाच.

घेतोय. क्लाइव्हला दोन ओळी लिहायच्या आहेत, खाली लिहितोय.

रोडा

थेल, ट्रक चांगला आहे. रबर उचललं होतं. सांध्यांत घोड्यांचं मूत साचतं आणि तिथूनच खातं, पण इथे कोरडं आहे. स्प्रिंगा चांगल्या. रॅम्पची एक बिजागरी बदलेन. ब्रॅकनला डावीकडे बांधायचं, क्वीनीला उजवीकडे. रस्ता डावीकडे उतरता असतो, म्हणून जड जनावर रस्त्याच्या मधल्या बाजूला. बाबांनी शिकवलेलं. क्लाइव्ह.


नॉर्थ वॉल्शम
९ एप्रिल

रोडा,

वा! ज्याचा गुडघा गेलाय, तो ट्रकखाली आडवा होऊन अर्धा तास टोचत बसतो. माझा गुडघा असा गेला, तर मी चर्चमध्ये मेणबत्ती लावीन.

आणि त्याचं अक्षर बघ. मजकूर बघ. जड जनावर कुठल्या बाजूला हे आज किती जणांना ठाऊक आहे? माझा भाऊ ठणठणीत आहे. मग गाडी का चालवत नाही, याचं उत्तर मला सापडलं, ते लिहिते. राग आला तर येऊ दे. उशिरा शिकलेल्या बाईला स्टिअरिंगची चटक लागते आणि मग ती नवऱ्याला बाजूच्या सीटवर बसवते. चाळीस वर्षं ज्याने ट्रकला एक ओरखडा येऊ दिला नाही, त्याच्या मांडीवर तू सँडविचचा डबा ठेवून त्याला फिरवतेस. त्याचा मोठा ट्रक विकायला त्याने खरंच होकार दिला का? की त्याला विचारलंच नाहीस?

मी बाबांची मुलगी आहे. मला हे खपत नाही.

थेल्मा


हाय गिल
२२ मे

थेल्मा,

तुझं पत्र सहा आठवडे स्वयंपाकघरात घड्याळामागे होतं. उत्तर द्यायचं नव्हतं. आज देते, कारण आता दमायलासुद्धा ताकद उरलेली नाही.

गुडघा बरा आहे. गुडघ्याला कधी काही झालंच नव्हतं.

गेल्या सप्टेंबरात, खोऱ्यातल्या जनावरांच्या जत्रेच्या दिवशी, क्लाइव्ह क्वीनीला घेऊन पहाटेच पुढे गेला. मी मागून कारने जाणार होते. घराच्या पुढच्या दाराने निघाले, अंगणात डोकावलेही नाही. मैदानावर पोचले, तर आपल्या ट्रकभोवती माणसं. रॅम्प खाली पाडलेला, क्लाइव्ह कोट-टाय-टोपी घालून हातात दोर धरून उभा, आणि आत काहीच नाही. तो पोलिसाला सांगत होता, "माझी घोडी चोरली." सगळे कळवळून शोधायला लागले. दुसऱ्या ट्रकांत डोकावून बघत होते. शेजारचा म्हातारा टॅलंटायर तर मिठाईच्या तंबूतसुद्धा बघून आला.

क्वीनी घरी अंगणात बांधलेली होती. आयाळीच्या वेण्या घातलेल्या, खुरांना तेल लावलेलं. सगळं त्यानेच केलेलं. फक्त तिला ट्रकमध्ये चढवायची तो विसरला, आणि रिकामा ट्रक अलगद, प्रत्येक वळणावर जपून, घोडी आत असल्यासारखा चालवत घेऊन गेला.

मग डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, लायसन्स परत पाठवलं. जुन्या गोष्टी सगळ्या शाबूत आहेत. स्प्रिंगा, सांधे, जड जनावर कुठल्या बाजूला. आजचं राहत नाही. सकाळी काय खाल्लं ते राहत नाही. मी चहा टाकायला गेले की तो मला शोधायला बाहेर पडतो आणि मग मी त्याला शोधायला. एकटा ठेवता येत नाही, एक तासही. म्हणून कार्लाइलला आठवडाभर जाता येत नाही. जिला जायचंच नसतं ती बाई ही.

तुला गुडघा का लिहिलं? गुडघा म्हटलं की लोक भेटायला येतात. हे म्हटलं की कार्ड येतं.

आता ट्रकचं ऐक. तू म्हणालीस, काट्यावर विश्वास ठेव. ठेवला. गुरांच्या बाजाराचा काटा, बाजार नसलेल्या दिवशी. दोन्ही घोडे चढवले, मी स्टिअरिंगवर, क्लाइव्ह बाजूला. काट्यावरच्या माणसाने खिडकीतून डोकं काढलं. "जास्त भरतंय, मिसेस बोनेस."

"किती जास्त?"

त्याने आकडा पुन्हा वाचला. मग म्हणाला, "एका माणसाएवढं."

मी उतरले. पाण्याचे डबे काढले, जास्तीचं चाक काढलं, खोगिरं काढली, पुढची चटई काढली, माझी पर्ससुद्धा काढली. पुन्हा चढले. तरी थोडं जास्तच. काट्यावरच्याने मान हलवली. घोडीही आत पाय आपटतेय, म्हणजे तिलाही मत होतं.

तेवढ्यात क्लाइव्हने त्याच्या बाजूचं दार उघडलं. तो खाली उतरला, काट्याच्या कडेपलीकडे जाऊन उभा राहिला आणि त्या माणसाला विचारलं, "आता?"

"आता बरोबर आहे."

तो येऊन माझं दार नीट बंद करून गेला. ट्रकच्या अंगावर दोनदा थाप मारली, घोडे चढले की निघा म्हणून मारतो ना, तशी. "जा तू. रविवार आहे," म्हणाला. रविवार नव्हता. मी काच खाली केली, म्हटलं, क्लाइव्ह, मी गेले तर तू घरी कसा जाशील? त्याने विचार केला. खरोखर विचार केला. मग काट्यावरच्या माणसाकडे वळून अगदी सभ्यपणे विचारलं, "का हो, आमचं घर कुठल्या बाजूला?"

त्या माणसाने काट्याचे पैसे घेतले नाहीत. मला ते आवडलं नाही, पण वाद घालायला अंगात काही नव्हतं.

तेव्हा घोडं इथे पेंड खातंय. क्वीनी, ब्रॅकन, मी आणि क्लाइव्ह, यांतले तीनच साडेतीन टनांत बसतात. ब्रॅकनला विकलं तर बाकीचे मावतात. मग मी समुद्रकाठी जाऊन क्वीनीकडे बघत उभं राहायचं, कारण ती क्लाइव्हशिवाय कुणाला पाठीवर घेत नाही आणि आता मी त्याला चढू देत नाही. क्वीनीला विकलं तर तुझ्या वडिलांच्या घोडीचा वंश बुडतो, तो मी तुझ्यावरच्या रागात बुडवलाही असता. पण तुझ्या भावाला सध्या एकच नाव कधी चुकत नाही, आणि ते माझं नाही. संध्याकाळी तो तिच्या खांद्याला टेकून उभा राहतो, तेवढा वेळ तो कुणालाच शोधत नाही. ती घोडी मी विकत नाही.

आणि क्लाइव्हला ठेवलं तर कुणापाशी? वाणसामान आणायला जाते तेव्हा शेजारची बाई तेवढा वेळ बसते, आणि मी आल्यावर तीच इतकी दमलेली असते की तिला मीच चहा करून देते.

थेल्मा, तू नॉरफकमधून मला ट्रकचा तळ सांगितलास, वजन सांगितलंस, माझ्या लग्नाची जमीन उचलून बघितलीस. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. सगळं बरोबर होतं. आता मला सल्ला नको आहे. मला एक रविवार हवा आहे.

रोडा


नॉर्थ वॉल्शम
२५ मे

रोडा,

शुक्रवारी दुपारी पेनरिथ स्टेशनवर उतरतेय. घ्यायला येऊ नकोस. तू आलीस तर त्यालाही आणावं लागेल, आणि गर्दीत तो कुणाच्या तरी मागे निघून जाईल. टॅक्सी करीन.

जाड मोजे आणतेय. तुमचं घर मे महिन्यातही थंड असतं, हे आपल्यात कधी कुणी बोललं नाही, पण असतं.

माझं वजन तुझ्या हिशोबात धरू नकोस. मी स्वयंपाकघरात बसणार आहे.

थेल्मा


हाय गिल
८ जून

प्रिय थेल्मा,

तू गेल्यावर दोन दिवस घर अगदी शांत होतं. "हा कप इथे का ठेवतात?" असं कुणी विचारलं नाही. क्लाइव्हने एकदा तुला हाक मारली, एकदा तुझ्या आईला. दोघींना एकच निरोप होता, बरण्यांची झाकणं नीट लागलेली नाहीत.

रविवारबद्दल जेवताना सांगितलंच, तरी पुन्हा लिहिते, कारण आभार लिहूनच मानायचे असतात. ओहोटी होती, वाळू कडक, वारा पश्चिमेचा. ब्रॅकन आधी लाटांना बिचकला, मग सुटला तो सुटलाच. दीपगृहापर्यंत सरळ. क्वीनीला ट्रकच्या सावलीत गवत टाकून ठेवलं होतं, ती तिथूनच आम्हांला हाका मारत होती. कित्येक महिन्यांनी पाय भरून आले. फार बरं वाटलं. ट्रक उत्तम चालतो. जड जनावर उजवीकडे ठेवलं.

फार फार आभार.

रोडा


नॉर्थ वॉल्शम
१३ जून

रोडा,

आभार मिळाले. आता ऐक.

त्या दिवसाचं माझं सांगते, ते तेव्हा जेवताना मी सांगितलं नाही. मला वाटलं होतं, भाऊच आहे, चहा देईन, जुने फोटो काढीन. तू गेलीस आणि पाच मिनिटांत त्याने विचारलं, घोडी कुठे? मी म्हटलं, रोडाबरोबर. तो म्हणाला, "मग ठीक आहे." पुन्हा पाच मिनिटांनी, घोडी कुठे? संध्याकाळपर्यंत हेच. दुपारी मी चिडले आणि म्हटलं, विकली! त्याचा चेहरा असा झाला की मला तो पुन्हा बघवणार नाही. मग मीच शंभरदा सांगत बसले, रोडाबरोबर, रोडाबरोबर. प्रत्येक वेळी तो म्हणाला, मग ठीक आहे. माझं नाव त्याला एकदाही आठवलं नाही. तुझं आठवायची गरज पडली नाही, कारण ते मीच सांगत होते, पण ते ऐकल्यावर त्याचे ताठलेले खांदे सैल पडायचे. "एकच नाव कधी चुकत नाही, आणि ते माझं नाही" वगैरे जे तू लिहिलंस, ते मला आता फारसं पटत नाही.

एकाच दिवसात माझी ही गत. तू सप्टेंबरपासून आहेस.

आता दीपगृह. तू परत आलीस तेव्हा सामान मी उतरवलं. मी बाबांची मुलगी आहे, हे मी तुला आधीच लिहिलं होतं. खोगिराखालचं फडकं बिस्किटासारखं कोरडं होतं, त्यावर एक काळा केस नाही. ब्रॅकनच्या पाठीवर घामाची खूण नाही, खुरांत वाळू नाही. दोन्ही घोड्यांच्या पोटात मात्र अख्ख्या दिवसाचं गवत. आणि तुझ्या डाव्या गालावर सीटच्या शिवणीचा एवढा मोठा वळ होता की तो मला चष्म्याशिवाय दिसला.

तू तिथे पोचलीस, घोड्यांना गवत टाकलंस आणि ट्रकमध्ये झोपलीस. दिवसभर. एवढा वळ तासाभरात उठत नाही.

मी तेव्हा काही बोलले नाही, कारण जेवताना तू इतकं मन लावून ते तट्टू पळवत होतीस की मलाही वाटलं, पळू दे. क्लाइव्ह तर टाळ्या वाजवत होता.

या शुक्रवारी पुन्हा येतेय. मग महिन्यातून एकदा येईन, डोळ्यांचं ऑपरेशन झालं की दोनदा. तुला वाळूवर पळायचं असेल तर पळ, झोपायचं असेल तर झोप, घोड्यांना त्यात काहीच कमी पडत नाही. उशी मात्र घेऊन जा. उशीला वजन नसतं.

आणि पुन्हा थाप मारायची असेल, तर घरी येण्याआधी ते फडकं एखाद्या नळाखाली धर.

तुझी
थेल